हेमीने कडी काढली

जयाताई रामटेके तीनदा येऊन गेल्या आणि तिन्ही वेळा हेमीने दार उघडलं नाही. थाप पडली की ती कडी लावायची, पंखा बंद करायची आणि दहा महिन्यांच्या रितिकाला पोटाशी धरून पलंगाच्या आडोशाला बसायची. पोर कुरकुरली की ओढणीखाली घ्यायची. बाहेरून हाक यायची, "हेमीबाई, हायेस का वं घरी? मी जया, आशावाली!" मग जयाताई लस राहिल्याची खूण म्हणून चौकटीशेजारी खडूने फुली मारून पुढच्या घरी जायच्या. त्यांची चप्पल लांब वाजू लागली की हेमी ओलं फडकं घेऊन बाहेर यायची आणि ती फुली घासून पुसून टाकायची.

नागपुरातल्या नंदनवनच्या मागे नाल्याच्या कडेने वाढलेल्या त्या वस्तीत सगळ्यांना वाटायचं, ही सिंधीण अडाणी आहे, सुईला भिते. रितिकाला जन्माच्या वेळी दवाखान्यात जे टोचलं असेल तेवढंच, त्यानंतर एकही लस नाही.

पण हेमीला सुईची भीती नव्हती. तिला भीती होती सुई घेऊन येणाऱ्याच्या मागून कोण येतं याची.

हेमी सिंधमधली. तिकडच्या एका तालुक्याच्या गावात तिची थोरली बहीण सीता बारा वर्षं पोलिओचे थेंब पाजायचं काम करत होती. थोरल्या बहिणीला सिंधीत अदी म्हणतात, म्हणून हेमीसाठी ती अदीच. एकदा मोहिमेत अदीची जोडीदारीण तापाने पडली आणि नव्याने लग्न झालेली हेमी दोन दिवसांसाठी तिच्याबरोबर गेली. खांद्याला निळा डबा, हातात खडू. थेंब पाजणाऱ्यांवर तिकडे हल्ले होत, म्हणून बंदोबस्ताला एक म्हातारा पोलीस. पहिल्या दिवशी दोघींनी साठ पोरांची तोंडं उघडली आणि हेमीला ते काम आवडलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अरुंद गल्लीत मोटारसायकल हळूहळू मागून आली. मागे बसलेल्याने आधी पोलिसाच्या तोंडात गोळी घातली. तो भिंतीला टेकून दमल्यासारखा खाली बसला. अदी एका उंबऱ्याशी वाकून एका मुलीचे गाल दाबत होती. तिने नुसती मान वळवली. दुसरी गोळी तिच्या जबड्यातून गेली. उंबऱ्यातल्या बाईने आपली पोर आत ओढली आणि दार लावून घेतलं. अदी त्या बंद दारावर दोन्ही हातांनी थापा मारत राहिली. शब्द फुटत नव्हता, तोंडातून नुसतं रक्त बुडबुडत होतं. हेमी उघड्या गटारात पालथी पडून हे बघत होती. आतली माणसं दाराला पाठ लावून उभी आहेत हे तिला फळीच्या हलण्यावरून कळत होतं. मोटारसायकलवरचा माणूस खाली उतरला, चालत आला, अदीच्या कानाशी पिस्तूल टेकवलं आणि उडवलं. मग त्याने बुटाने निळा डबा उलटा केला. थेंबांच्या कुप्या घरंगळत हेमीच्या तोंडापाशी गटारात पडल्या.

वर्षभराच्या आत हेमी आणि तिचा नवरा खेमचंद यात्रेच्या व्हिसावर हरिद्वारला आले आणि तिथून नागपूरला. खेमचंदचे काका जरीपटक्यात होते. त्यांच्या ओळखीने त्याला इतवारीत किराणा मालाच्या दुकानात काम मिळालं, हेमी घरी पापड लाटू लागली, राहायला नंदनवनची ही खोली परवडली. व्हिसाची मुदत वाढवून घ्यायला पोलीस आयुक्तांच्या कचेरीत खेपा घालाव्या लागत. खेमचंदने दोन नियम घातले होते. "पोलिसांच्या वहीत आपलं नाव आहे तेवढं पुरे. दुसऱ्या कुठल्या वहीत नको. आणि तो निळा डबा घरात नको." दुसरा त्याने सांगायची गरजच नव्हती.

त्या साली मार्चमध्ये वस्तीत गोवर आला.

शेजारच्या नंदिनीची चार वर्षांची गार्गी अंगभर लाल फुलली. नंदिनीच्या सासूने उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवला, देवी आली म्हणून पाच दिवस औषध दिलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी हेमी नळावर भांडी घासत असताना नंदिनीचा नवरा पोरीला खांद्यावर टाकून धावत गेला. गार्गीचे डोळे पुवाने चिकटलेले, ओठ निळे, श्वासागणिक छाती आत ओढली जात होती. मागून अनवाणी धावणारी नंदिनी ओरडत होती, "मी काहून नाही टोचून घेतलं वं! दोनदा आली होती थे जया, मीच म्हटलं, ताप येतो, राहू दे!"

हेमीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

चौथ्या वेळी जयाताई आल्या तेव्हा त्यांनी थाप मारली नाही. दाराबाहेर ओट्यावर बसल्या आणि बंद दाराकडे बघून बोलू लागल्या.

"हेमीबाई, तू आत हायेस हे मले मालूम हाय. पुसलेल्या फुल्या दिसतात ना मले. मी रागवाले नाही आली. गार्गी ऑक्सिजनवर हाय. तुयी पोरगी थिच्याच अंगणात रांगते. तुले कशाची भीती हाय तेवढं सांग, मंग मी जातो."

मग आतून आवाज आला. हेमीची मराठी नंदनवनच्या नळावर शिकलेली. "तुमच्या मागे कोण आहे?"

जयाताईंनी खरोखरच मान वळवून मागे पाहिलं. "कोणी नाही वं. एक कुत्रं हाय."

हेमीने कडी काढली. दार चार बोटं उघडलं. फटीतून तिला पन्नाशीची, उन्हाने रापलेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली बाई दिसली. त्याच फटीतून, उभ्याउभ्या, तिने अदीचं सगळं सांगितलं. हे तिने नागपुरात कोणालाही सांगितलं नव्हतं. जयाताई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "असं काही इथं होत नाही, पोरी. लोक शिव्या देतात, दार आपटतात. मारत नाही कोणी."

"माझं नाव कुठे लिहाल?"

"पोरीचं लिहीन, कार्डावर. तुयी कागदपत्रं मागणारी मी कोण?"

बुधवारी समाजमंदिरात लसीकरण होतं. हेमी खेमचंदला न सांगता रितिकाला घेऊन गेली. शेजारी दिपाली बसली होती, चार घरं सोडून राहणारी. तिच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ, त्याची जन्मानंतरची ही पहिलीच लस. दिपाली हसून म्हणाली, "तूच पकड वं मायं लेकरू, माये हात कापून राहिले." हेमीने त्या बाळाचा एवढासा पाय धरला. बाळ किंचाळलं आणि लगेच आईच्या कुशीत शांत झालं. रितिकाला दोन सुया टोचल्या, एक मांडीत, एक दंडात. नर्सबाईंनी सांगितलं, ताप येईल, हे औषध द्या, चार आठवड्यांनी पुढचा डोस.

सकाळपर्यंत रितिका तापाने फणफणली होती. खेमचंद कामावर निघण्याआधी तिला उचलून घ्यायला गेला आणि मांडीवरची गाठ त्याच्या हाताला लागली.

"हे काय आहे?"

हेमीने उशीखालचं लसीचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं.

त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या थोबाडीत मारली. "तुझी बहीण याच्यापायी मेली! आता पोर मारायची आहे तुला?"

हेमीचा कान गुंजत होता. ती उत्तर देणार तेवढ्यात चार घरांपलीकडून दिपालीची किंकाळी आली. किंकाळी थांबेचना.

दिपालीचं बाळ मेलं होतं. अंथरुणात, आईच्या कुशीत, थंड पडलेलं. बातमी गल्लीत पोहोचायला वेळ लागला नाही, आणि पोहोचली ती एकाच वाक्यात. काल सुई टोचली, आज लेकरू गेलं.

हेमीने रितिकाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. आपणच पाय धरला होता त्या बाळाचा. या दोन हातांनी.

आणि नेमक्या त्याच वेळी जयाताई गल्लीत शिरल्या. सुई दिलेल्या पोरांचा ताप बघायला दुसऱ्या दिवशी घरोघर जायची त्यांची रीत होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दिपालीच्या घरासमोरची गर्दी बघून त्या घाईने पुढेच गेल्या, "काय झालं गा?" म्हणत.

हेमी खिडकीतून बघत होती. दिपालीचा दीर बंटी, अंगाने आडवा, सळया कापायच्या कामावर जाणारा. त्याने वळून जयाताईंना पाहिलं. "हेच हाय!" तो ओरडला. "हिनंच मारलं लेकरू!"

पहिला तडाखा चपलेचा होता, कोणा बाईने मारलेला. दुसऱ्याने केस धरले. जयाताई म्हणत होत्या, "आयका तर! डॉक्टरले दाखवा, आयका तर!" कोणी त्यांची पिशवी हिसकली, कागद गटारात गेले. कोणी लुगड्याचा पदर ओढला आणि त्या गोल फिरून गुडघ्यांवर आदळल्या. बंटीने हातभर लोखंडी सळई उचलली आणि तोंडावर मारली. चष्मा फुटला. डाव्या डोळ्याच्या जागी लाल खळगा दिसला. जयाताई हाताने तोंड झाकून आंधळ्यासारख्या उठल्या, धडपडत निघाल्या. पाठीवर विटांचे तुकडे पडत होते. त्या कुठे चालल्या आहेत हे त्यांनाही दिसत नव्हतं. त्यांचा हात सापडला तो हेमीच्या दाराला. त्या थापा मारू लागल्या. हाक नाही, शब्द नाही, नुसत्या थापा.

खेमचंद दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "उघडू नकोस. हेमी, आपण परके आहोत. उद्या व्हिसा रद्द करून परत पाठवतील. कुठे? सांग, कुठे पाठवतील?"

थापा चालूच होत्या. फळी हलत होती.

"सरक," हेमी म्हणाली.

"नाही."

तिने रितिकाला पलंगावर ठेवलं. पापडाचं पीठ कुटायचा लोखंडी बत्ता कोपऱ्यात होता, तो उचलला. "सरक, नाहीतर आधी तुझं डोकं फोडीन," ती शांतपणे म्हणाली. खेमचंदने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तो बाजूला झाला.

तिने कडी काढली. जयाताई आत कोसळल्या. हेमीने त्यांना बगलेत हात घालून ओढलं, पण दार लावायच्या आत बंटीचा पाय फटीत आला. मग खांदा, मग सळई. "काढ तिले बाहेर! पाकिस्तानवाली, तूही थिच्यातलीच हायेस!" सळई हवेत उठली. हेमीने डावा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला, ओलं लाकूड मोडतं तसा. दुखलं नाही. उजव्या हातातला बत्ता तिने पूर्ण ताकदीने बंटीच्या मनगटावर घातला. सळई खणकन पडली. दुसरा घाव गुडघ्यावर. तो बोंबलत उंबऱ्यावर आडवा झाला. हेमीने तिसऱ्यांदा बत्ता उचलला. हा डोक्यावर बसणार होता. तो बसावा असं तिला मनापासून वाटत होतं. बंटीच्या चेहऱ्याच्या जागी तिला बूट दिसत होते, पिस्तूल दिसत होतं.

मागून खेमचंदने तिचा हात धरला. "बस. हेमी, बस."

त्याने बंटीला पायाने बाहेर लोटलं, दार लावलं, कडी लावली आणि दाराला पलंग ओढून लावला. खिडकीची काच फुटून रितिकाच्या अंथरुणावर सांडली. त्याने पोरीला उचलून न्हाणीत नेलं. बाहेर दारावर लाथा पडत होत्या. आत जयाताई जमिनीवर पडून कण्हत होत्या. हेमीने एका हाताने ओढणी फाडली आणि त्यांच्या डोळ्यावर दाबून धरली. ओढणी भिजली, दुसरी घेतली, तीही भिजली.

"पोरीले ताप हाय का?" जयाताईंनी विचारलं.

हेमीला क्षणभर समजलंच नाही. "आहे," ती म्हणाली.

"औषध दे. अंग पुस. भेऊ नको."

पोलीस आले ते पंचवीस मिनिटांनी. कोणीतरी आपल्या छतावरून फोन केला होता. नंतर कळलं, नंदिनीने. ती गार्गीचे कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आली होती.

बंटीसह सात जणांना धरून नेलं. हेमीच्या हाताला प्लास्टर घातलं. ठाण्यात साहेबांनी तिचे कागद उलटसुलट करून पाहिले, खेमचंदकडे पाहिलं. बत्त्याबद्दल विचारलं तेव्हा हेमीने जसं घडलं तसं सांगितलं, तिसऱ्या घावाची इच्छासुद्धा. साहेबांनी तेवढं लिहिलं नाही. व्हिसाचं काही झालं नाही. घरमालकाने मात्र महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. रितिकाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. गार्गी जगली, पण पाय लटपटत घरी आली.

बाळाचं शवविच्छेदन झालं. श्वासनलिकेत दूध सापडलं. लसीशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वस्तीत त्या कागदावर कोणाचा विश्वास बसला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी दिपाली आली. दारात उभी राहिली, केस विंचरलेले नाहीत, पोलकं दुधाने ओलं. "तुयी पोरगी हाय?" तिने विचारलं.

हेमीने रितिकाकडे बोट दाखवलं. ती फरशीवर वाटी आपटत होती. दिपाली तिच्याकडे बघत राहिली.

"मी झोपल्या झोपल्या पाजून राहिली होती वं," ती म्हणाली. "डोळा लागला माया. उठली त... सासूले मी तवाच सांगतलं. थे म्हणे, तोंड बंद ठेव, लोक तुलेच कैदाशीण म्हणतीन. मंग बंटीभाऊ आला. मी काहीच नाही बोलली."

हेमीला तिला मारावंसं वाटलं. जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. पाण्याचा पेला दिला. दिपाली पाणी प्यायली आणि निघून गेली. पुढे महिनाभराने तिने हेच पोलिसांना लिहून दिलं असं हेमीच्या कानावर आलं. तिला सासरहून हाकललं असंही आलं.

जयाताईंचा डावा डोळा गेला. हेमी भेटायला गेली तेव्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"मी सोडलं हे काम," त्या म्हणाल्या. "मी तुले म्हटलं होतं, इथं मारत नाही कोणी. खोटी पडली मी."

हेमी पायथ्याशी बसली. "येत्या बुधवारी पुढचा डोस आहे, ताई. काय करू?"

"मले इचारू नको." जयाताईंनी मान वळवली नाही. "मायावर भरोसा ठेवून तुया हात मोडला. आता तुयं तूच ठरव."

हेमीला राग आला. असा प्रश्न असा परत टाकून कोणी देतं का? वाटभर ती स्वतःशी बोलत राहिली. तापलेलं कपाळ आठवलं, त्या थंड बाळाचा एवढासा पाय आठवला. गार्गीची आत ओढली जाणारी छाती आठवली. दिपालीचं ओलं पोलकं आठवलं. अदी असती तर काय म्हणाली असती, हे मात्र तिने मनात येऊ दिलं नाही. अदीने आपलं काय ते ठरवलं होतं, त्याची किंमतही दिली होती. ही मुलगी हेमीची होती.

बुधवारी सकाळी ती एका हाताने रितिकाला झबलं घालू लागली. प्लास्टरमुळे जमेना. खेमचंद पापडाच्या बांधलेल्या पोत्यावर बसून बघत होता. त्या दिवसापासून तो घरात जेमतेम बोलत होता. थोबाडीत मारल्याबद्दल एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"कुठे निघालीस?"

"दुसरा डोस."

"एका हाताने पोर पाडशील," तो म्हणाला. उठला, झबल्याची बटणं लावली, रितिकाला खांद्यावर घेतलं आणि चपला घातल्या. "चल."

समाजमंदिराच्या दाराशी आता दोन पोलीस होते. आत बाया थोड्याच होत्या. टेबलावर नवीन मुलगी बसली होती, जेमतेम बावीसची. तिने कार्ड पाहिलं, नाव लिहून घेतलं.

"आईचं गाव?"

खेमचंदने हेमीकडे पाहिलं. हे वहीत जाणार होतं.

"सिंध," हेमी म्हणाली. "पाकिस्तान. लिही."

मुलीने एकदा वर पाहिलं, मग लिहिलं. खेमचंद बाकावर बसला, पोरीचा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला आणि सुई आत जाताना त्याने डोळे मिटून घेतले. रितिका आकांताने रडली. नर्सबाई म्हणाल्या, अर्धा तास इथेच बसा, लक्ष ठेवा.

तिघं पंख्याखाली पाऊण तास बसली.